वाटेवरचे जेवण

(नभोवाणीवरील भाषण)

परप्रांतीचा पाहुणा गोव्यास येतो तेव्हा त्याने काय काय पाहावे याची यादी आपल्यापाशी तयार असते. किनारे कोणते, देवळे कोणती, चर्चे कोणती, धबधबे कोठे, हे सारे पुस्तिकांतून छापलेले असते. तो जेवतो कोठे आणि जेवतो काय, ही चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या उपाहारगृहात बसून त्याने भात, नारळाचे तांबूस हुमण आणि तळलेला मासा खाल्ला की ‘गोव्याचे जेवण जेवलो’ असे तो समजतो, आणि आपणही त्याचा तो समज मोडीत नाही.

वस्तुतः गोवा आकाराने केवढा? उणेपुरे ३,७०० चौरस किलोमीटर. पण एवढ्याशा मुलखात सासष्टीच्या ख्रिस्ती घरातील सोरपोतेल निराळे, फोंड्याच्या देवळाभोवतीच्या घरांतले सोवळ्याचे जेवण निराळे, आणि सत्तरीच्या रानाकडेला शिजणारी नाचण्याची आंबील त्याहूनही निराळी. आज मला बोलावयाचे आहे ते किनारा सोडून आत, डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांच्या पानावर काय पडते याविषयी. आणि आरंभ करावयाचा आहे तो पाळी या गावापासून.

पाळीस मुद्दाम पाहावयास जावे असे काही नाही. तेथील रहिवाशांची क्षमा मागून हे सांगतो. साखळीहून उसगावकडे जाणारा रस्ता वेळगे मागे टाकून पाळीस येतो आणि पुढे नदीवरील पूल ओलांडून फोंडा तालुक्यात शिरतो. आसपास डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांच्या पोटात लोखंडाचे खनिज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आपले पोलादाचे कारखाने पुन्हा उभे केले, तेव्हा त्यांच्या भट्ट्यांसाठी ज्या दूरच्या मुलखांतून खनिज गेले त्यांत गोवा होता. पुढे कित्येक वर्षे आपल्या खनिजाचे मोठे गिऱ्हाईक जपानच होते. डोंगर फोडावयाचा, माती ट्रकांत भरावयाची, नदीकाठच्या धक्क्यावर ओतावयाची, तेथून बार्जींनी मुरगाव बंदरास न्यावयाची आणि बोटीत चढवावयाची, असा तो क्रम पिढ्यान् पिढ्या चालला.

ट्रक आले तेथे खानावळी आल्या. चार खांब, वर कौले नाही तर पत्रे, दोन बाके, एक फळकुटाचे मेज आणि मागे चूल. सकाळी पावाबरोबर पातळ भाजी, दहाच्या सुमारास मिरचीची भजी आणि चहा, दुपारी भात, हुमण, एखादा तळलेला बांगडा आणि सोलकढी. रस्त्यावरची तांबडी धूळ दारावरच्या गोणपाटाला न जुमानता आत येई, आणि ताटावर पेपराचा कपटा झाकून जेवण चाले. ट्रक हाकणारे सारेच गावचे नव्हते. कोणी घाटावरचा, कोणी कर्नाटकातला. त्यांच्या तोंडास रुचेल असे होता होता हुमणाशेजारी चपात्या आल्या, उसळीशेजारी बटाट्याचा रस्सा आला, आणि फळ्यावर ‘राइस प्लेट’ असे खडूने लिहिले गेले. पोटाच्या व्यवसायात असे व्हावयाचेच. त्यात दोष कोणाचा?

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबविल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीहुकूम आला. मधल्या काळात काम पुन्हा थोडेबहुत सुरू झाले, तोच २०१८ साली न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चपासून पुन्हा सारे ठप्प झाले. लिलावानंतर अलीकडे काही ठिकाणी काम चालू झाले आहे. खाणींनी शेतात उतरविलेला गाळ आणि आटविलेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या ट्रकांच्या रांगांसाठी अश्रू ढाळावेसे वाटणार नाहीत. मलाही वाटत नाहीत. पण ट्रक थांबले त्याबरोबर रस्त्याकडेच्या चुलीही एकामागून एक विझल्या. त्या विझल्या, तेव्हा आपले काही गेले असे गावात कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. गिऱ्हाइकाचा धंदा होता, गिऱ्हाईक गेले, धंदा गेला. एवढेच.

हे असेच व्हावयास हवे होते काय, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला तो एका जपानी हकीकतीमुळे. आपली माती ज्या देशास गेली तेथलीच ही गोष्ट असल्याने ती जरा सविस्तर सांगतो.

जपानात आगगाडीच्या स्थानकांवर जेवणाचे डबे विकण्याची चाल फार जुनी आहे. ‘एकी’ म्हणजे स्थानक आणि ‘बेन्तो’ म्हणजे डबा. दोहोंचे मिळून ते ‘एकिबेन’ म्हणतात. या डब्यांचे वैशिष्ट्य असे की, ज्या स्थानकाचा डबा त्या मुलखाचेच अन्न त्यात असावयाचे. तोयामा या गावी बांबूच्या पानांत दाबून बसविलेला ट्राउट मासा आणि आंबट भात मिळतो. तो तोयामाचा म्हणूनच लोक मागतात. प्रवासी ज्या प्रांतातून जातो त्या प्रांताची चव त्याच्या मांडीवर येऊन बसते, मग तो गाडीतून उतरो वा न उतरो.

तोक्योच्या वायव्येस उसुई नावाचा घाट आहे. घाटाच्या पायथ्याशी योकोकावा हे लहानसे स्थानक. पंधरा फुटांमागे एक फूट असा तो चढ. साध्या इंजिनास तो झेपावयाचा नाही म्हणून योकोकावास गाडी थांबे आणि तिला साहाय्याची इंजिने जोडली जात. तेवढ्या थांब्यात फलाटावर ओगिनोया नावाच्या दुकानाचे डबे विकले जात. तथापि दुकान फारसे चालत नव्हते. दुकानाच्या मालकीण ताकामिझावा मिनेजी फलाटावर उभ्या राहून उतारूंना विचारू लागल्या, ‘आपणांस काय खावेसे वाटते?’ उत्तर सामान्यतः एकच येई: काही तरी गरम, घरच्यासारखे. थंड डब्याचा लोकांस कंटाळा आला होता.

यावर त्यांनी केले ते असे. जवळच्या प्रांतात माशिको हे कुंभारकामाविषयी प्रसिद्ध असे गाव आहे. तेथल्या मातीच्या लहान मडक्यांत त्यांनी भात भरला; वर कोंबडीचे तुकडे, बांबूचे कोंब, अळंबी, लाव्याचे अंडे, एक चेस्टनट आणि एक जर्दाळू. मडक्यास झाकण घालून ते गरम गरम उतारूंच्या हाती द्यावयाचे. १९५८ साली हे सुरू झाले. मडके जड, फुटावयाची भीती, प्रवासात ते कोण घेणार, अशी शंका घेणारे होतेच. पण मातीत उष्णता टिकते हे चूल फुंकणारी कोणतीही बाई जाणते. पुढे एका मासिकाने त्या भाताची वाखाणणी केली आणि ‘घाटातला मडक्यातला भात’ साऱ्या जपानात माहीत झाला. जेवून झाल्यावर मडके उतारू घरी नेत.

आता पुढचा भाग ऐका. १९९७ साली त्या बाजूस अतिवेगाची नवी आगगाडी सुरू झाली आणि घाटातील जुनी लाइन बंद पडली. योकोकावास गाडी थांबण्याचे कारणच उरले नाही. आपल्या हिशेबाप्रमाणे त्या दुकानाने मान टाकावयास हवी होती. परंतु मडक्यातला भात आजही विकला जातो. दुकानाने साठीच्या दशकातच मोटाररस्त्यावर आपला पाय रोवला होता हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण मला असे वाटते की, लोक तेथे थांबत ते केवळ गाडी थांबली म्हणून नव्हे. तो भात त्या घाटाचा होता, आणि तो खाण्यासाठी वाट वाकडी करावी असे लोकांस वाटू लागले होते.

पाळीच्या खानावळीत तसे काय होते? हुमण होते, भजी होती, पण ती फोंड्यासही होती आणि म्हापशासही. पाळीचे, डिचोलीचे म्हणून जे काही होते ते पुढच्या मेजावर आलेच नाही. ते मागच्या चुलीवर राहिले.

गेल्या वर्षी श्रावणात एका सोमवारी त्या रस्त्याने जात असता, अजून तग धरून असलेल्या एका खानावळीत मी दुपारी शिरलो. घरातीलच एक प्रौढ बाई चालवितात. फळ्यावर नेहमीचेच लिहिलेले होते. आतून मात्र तिरफळांचा वास येत होता. तिरफळे बांगड्याच्या हुमणात घालतात हे आपण जाणतोच. पण श्रावणी सोमवारी हुमण कोठले? मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘खतखते केले आहे, बाब. पण ते आमच्यापुरते.’ खतखते म्हणजे पाच-सात, कधी त्याहून अधिक भाज्या आणि कंद एकत्र शिजवून नारळाच्या वाटणात घातलेली भाजी. तूरडाळ, गूळ, चिंच वा सोले आणि शेवटी ठेचलेली तिरफळे. मी म्हटले, ‘तेच वाढा की.’ त्या हसल्या. ‘घरचे जेवण पैसे देऊन कोण जेवणार, बाब?’ म्हणाल्या. अखेरीस त्यांनी एक वाटी दिली खरी, परंतु तिचे पैसे घेण्यास त्या काही केल्या तयार होईनात.

श्रोतेहो, सारा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. घरचे म्हणजे विकावयाचे नव्हे, आणि विकावयाचे म्हणजे घरचे नव्हे. या समजुतीत एक प्रकारची लाज आहे आणि एक प्रकारचा मानही आहे, म्हणून ती सहजी मोडणार नाही. पण तिच्यापायी प्रवाशास काय मुकावे लागते ते पाहा.

आषाढाचे पहिले पाऊस पडले की सत्तरी-डिचोलीच्या रानात वारुळांवर अळमी उगवतात. पानांच्या पुड्यांत बांधून त्या रस्त्याकडेला विकावयास बसलेल्या बाया आपण पाहिल्या असतील. भाव ऐकून पुढेही गेला असाल. त्या अळम्यांचे तोंडाक, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातले, ज्याने एकदा खाल्ले तो भाव विचारीत नाही. (वारुळेच उकरून काढण्याचा हावरेपणा मात्र वाढतो आहे, तो असाच राहिला तर चर्चेपुरत्याच अळमी उरतील.) त्याच दिवसांत टाकळ्याची भाजी, तेऱ्याची भाजी, फागलांची कापे. गणेशचतुर्थीच्या सुमारास हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि मोठ्या तवशाची तवसोळी. पिकल्या आंबाड्यांचे सासव, मोहरीच्या तिखट वाफेने डोळ्यांत पाणी आणणारे. मुगांना मोड आणून सोललेल्या मुगागाठी. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाचे मणगणे. आणि या सर्वांच्या आधी उकड्या तांदळाची पेज, जिच्याबरोबर खाऱ्या पाण्यात मुरविलेला तोर किंवा भाजलेला सुका बांगडा असला की अकरा वाजताच्या उन्हात काम करणाऱ्या माणसास दुसरे काही नको असते. यांतील किती पदार्थ आपण कोणा उपाहारगृहात मागून मिळविले आहेत? मी स्वतः बोटांवर मोजण्याइतकेच.

तरीही जो शोधील त्यास अगदीच काही मिळत नाही असे नाही. सकाळची न्याहारी हा त्यातला सर्वांत सोपा भाग. डिचोलीच्या बाजारात, साखळीच्या बाजारात, कोठल्याही जुन्या चहाच्या दुकानात पाव किंवा उंडो घ्यावा आणि पातळ भाजी, सुकी भाजी, आळसांद्यांचा वा चण्याचा रोस यांपैकी जे असेल ते मागावे. पणजीत कॅफे भोसले आणि कॅफे तातो ही नावे जुनी आहेत आणि सकाळी तेथे सरकारी कारकुनापासून परदेशी पाहुण्यापर्यंत सारे एका बाकावर बसतात. दुपारच्या जेवणास उशीर करू नये. चांगल्या खानावळीतले चांगले ते एकच्या आत संपते. सोमवारी आणि श्रावणात आपल्याकडे पुष्कळ घरी मासळी वर्ज्य. किनाऱ्यावरचा पाहुणा त्या दिवशी हिरमुसला होतो. पण ज्यास खतखते, मुगागाठी, तोंडाक चाखावयाचे आहे त्याने नेमका तोच दिवस धरावा आणि ‘शिवराक काय आहे?’ असे विचारावे. हा एक शब्द प्रवाशाच्या फार उपयोगी पडेल.

आठवड्याचे बाजार हे दुसरे ठिकाण. म्हापशाचा शुक्रवार सर्वांस माहीत आहे. तेथे हरमलची मिरची मिळते, साठविलेली सोले मिळतात, सुक्या सुंगटांचे ढीग मिळतात, ज्यांची खोबरे-कांदा घालून किसमूर होते. या हरमलच्या मिरचीस आणि जत्रेतल्या खाज्यास आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर चढविलेला आल्याच्या वासाचा गूळ आणि तीळ. शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत, पेडण्याच्या पुनवेत, लहानमोठ्या प्रत्येक काल्यात त्याची दुकाने लागतात. मानांकनाचा कागद चांगलाच. पण खाजे टिकले ते जत्रेहून रिकाम्या हाताने घरी परतावयाचे नाही, या रीतीमुळे.

पेडण्याविषयी थोडेसे. तेरेखोलपलीकडच्या सावंतवाडीचे आणि पेडण्याचे जेवण एकमेकांच्या इतके जवळचे की सीमा कोठे लागली हे घावने आणि कोंबडी-वडे खाणाऱ्यास कळू नये. या तालुक्यात मोप येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. रोज हजारो माणसे पेडण्याच्या भूमीवर पाय ठेवतात, आणि मोटारीत बसून पेडणे ओलांडून निघून जातात. त्यांतील किती जणांना पेडण्याचा घास मिळतो? पाळीस ट्रक होते आणि चुली होत्या. पेडण्यास आता प्रवासी आहेत आणि चुली अजून पेटावयाच्या आहेत. विमानतळाच्या रस्त्यावर जे फलक मला दिसले त्यांवर बहुतेक सारे काही होते, घावने तेवढे नव्हते.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे हे जमणारे नाही. तसे मुळीच नाही. मुंबईत गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम नावाची खानावळ होती. संगमरवरी मेज, रंग उडालेल्या भिंती, आणि ताटात गोमंतकाची मासळी. थाटमाट कसलाच नव्हता. तरी दूरदूरच्या उपनगरांतून माणसे ते जेवण जेवावयास येत. ती खानावळ केव्हाच बंद झाली. पण ज्यांनी तेथे जेवले ते अजूनही तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात. घरापासून शेकडो मैलांवर जे विकले गेले आणि मानाने विकले गेले, ते घराच्या उंबऱ्याशी विकावयास संकोच का वाटावा?

जपानात १९९३ पासून आणखी एक सोय झाली आहे. मोटाररस्त्यांवर ठिकठिकाणी ‘रस्त्यावरची स्थानके’ बांधली आहेत. आज ती बाराशेंहून अधिक आहेत. वाहन उभे करावयास जागा, स्वच्छ शौचकूप, आणि त्या त्या गावच्या शेतकऱ्याचा माल व गावचे जेवण. काही खर्च शासनाचा, काही गावाचा. आपल्याकडे साखळी, डिचोली, पेडणे या प्रत्येक ठिकाणी अशी एक जागा असावी असे मला वाटते. मोठी इमारत नको. दहा बाके, मागे चूल आणि शिजविणाऱ्या बायकांच्या हाती कारभार. त्यांचे महिला-गट आजही सणासुदीला नेवऱ्या, चकल्या, लोणची करून विकतातच. जेवण विकण्याइतका विश्वास तेवढा त्यांना कोणी द्यावयाचा आहे. कंत्राट एखाद्या बड्या उपाहारगृहवाल्यास दिले तर मात्र तेथेही ‘राइस प्लेट’च लागेल, हे आजच सांगून ठेवतो.

पाळीच्या त्या खानावळीत मी पुढे पुन्हा गेलो. योकोकावाच्या त्या फलाटावरची हकीकत मी बाईंना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मिनेजीबाई उतारूंना विचारीत उभ्या राहत हे त्यांस विशेष आवडलेले दिसले. मडक्याच्या भागाशी आल्यावर मात्र त्या थबकल्या. ‘मडकेसुद्धा देऊन टाकायचे?’ त्यांनी विचारले. डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेले त्यांचे हुमणाचे काळे कुंडले चुलीवर होते. त्याच्याकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, ‘हे मी कोणाला द्यायची नाही.’

त्यानंतरच्या खेपेस फळ्यावर काही नवे लिहिलेले दिसले नाही. परंतु सोमवार होता, आणि मी बसताच न विचारता खतखत्याची वाटी पुढे आली. दर सोमवारी चार वाट्या जास्तीच्या करते, त्या म्हणाल्या, दोन जातात. ‘आणि उरलेल्या दोन?’ मी विचारले. ‘उरतात त्या रात्री आम्हीच खातो. दुसऱ्या वेळी जास्तच चांगले लागते.’ या वेळी मात्र वाटीचे पैसे त्यांनी मोजून घेतले.